चमच्याने चढवलेले बूट

लमार पर्व्हिस गाडीतून उतरला आणि त्याच्या मागोमाग सात बॅगा उतरल्या. सात! हा हरणाच्या शिकारीला आलाय की मुलीचं लग्न उरकायला, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण या वर्षी मला तोंड उघडायची बंदी होती.

त्याचं झालं असं. गेल्या नोव्हेंबरात ओहायोचा एक दातांचा डॉक्टर आमच्याकडे आला होता. मचाणावर बसून चिरूट ओढायचा आणि संध्याकाळी हरणं दिसत नाहीत म्हणून माझ्या नावाने खडे फोडायचा. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर म्हटलं, "डॉक्टर, हरणाला नाक असतं आणि डोकंही असतं. तुमच्याकडे यातलं काय काय आहे ते आधी तपासून घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी गडी सामान बांधून चालता झाला. त्या हंगामातली माझ्याविरुद्धची ती तिसरी तक्रार होती.

व्हर्ना वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून शिकारीचा हा तळ तीच चालवते. ऑक्टोबरात तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. पेरोग्यांच्या, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्यांच्या, कडा दाबता दाबता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला जंगल कळतं, माणसं कळत नाहीत. यंदा पाहुण्याने विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. पुन्हा एक तक्रार आली की तुमची जागा मी लॉर्नला देणार."

"लॉर्नला? अहो, तो स्वतःच्या परसात हरवेल!"

"हरवेल. पण हरवताना गोड बोलेल."

लॉर्न तिचा मावसभाऊ. त्याच्याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोलण्यासारखं त्याच्यात काही नाही. पण धमकी खरी होती. एकतीस वर्षं मी या जंगलात माणसं नेतोय. बायको नाही, पोरबाळ नाही. नोव्हेंबरचे हे चार आठवडे काढून घेतले तर माझ्याकडे एक म्हातारं कुत्रं आणि गुडघेदुखी एवढंच उरतं. मी म्हटलं, "बरं. नाही बोलणार." आणि मनात म्हटलं, थांब, आता असा गप्प बसतो की तूच हात जोडून म्हणशील, भाऊजी, बोला हो.

तर हा लमार. दूर दक्षिणेतल्या अलाबामाचा, बावन्न वर्षांचा, गोरा, गुबगुबीत. धंदा काय, तर पोहण्याचे तलाव विकायचा. म्हणजे लोकांच्या परसात खड्डा खणायचा, त्यात निळं पाणी भरायचं आणि पैसे घेऊन घरी जायचं. बर्फ त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही सकाळी पडून दुपारी वितळलेलं. वहिनीला 'बाईसाहेब' आणि मला 'सर' म्हणायचा. चहा दिला तरी आभार, मीठ पुढे सरकवलं तरी आभार. इतकं गोड बोलणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवत नाही.

संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. बॅटरीवर गरम होणारं जाकीट. बॅटरीवर गरम होणारे हातमोजे. चुरगळलं की तापणाऱ्या पुड्या, त्यांचा एक आख्खा खोका. नराला भुलवायला हरणीच्या मुताच्या तीन बाटल्या. घरून आणलेलं मक्याचं पीठ, कारण सकाळी त्याला मक्याची लापशीच लागते म्हणे. आणि हवाबंद पिशवीत ठेवलेला शिकारीचा पोशाख, ज्याला दुकानदाराने मातीचा वास लावून दिला होता. मातीचा वास! अरे गाढवा, उणे अठ्ठावीसमध्ये मातीला वास असतो का? इथे माती नोव्हेंबरात दगड होते, ती मेमध्ये पुन्हा माती होते. त्या पोशाखात तो उभा राहिला असता तर इथल्या हरणांनी सहा महिने लवकर वसंत आला म्हणून नाचच केला असता.

मी आपला लोणच्याची काकडी चावत बसलो.

"हे बूट बघा सर," तो म्हणाला आणि त्याने शेवटची बॅग उघडली. बूट झकास होते, खोटं कशाला बोलू. "उणे सत्तरपर्यंत चालतात. दुकानात तासभर बसून मापाचे घेतलेत. जराही सैल नाहीत."

जराही सैल नाहीत. हे तो अभिमानाने सांगत होता!

आता ज्याने एक हिवाळा इथे काढलाय त्याला हे सांगावं लागत नाही. आमच्या दारामागे भावाच्या वेळेपासून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, अस्तराचे ढगळ बूट टांगलेले असतात, सात-आठ जोड, ते याचसाठी. भिंतीवर वहिनीने नियमांचा कागद चिकटवलाय. बंदूक उबेत आणायची नाही, बाहेरच्या पडवीत ठेवायची. मचाणावर चढण्याआधी गोळ्या काढायच्या. दुपारी वॉकीटॉकीवर खबर द्यायची. लमारने तो कागद मोठ्याने वाचला, शाळेतल्या पोरासारखा. पायमोज्यांबद्दल त्यात काही नव्हतं. पाणी पातळ असतं हेही त्यात लिहिलेलं नव्हतं.

जेवताना तो मोकळा झाला. सासरा आणि तीन मेहुणे, सगळे शिकारी. पण तिकडची शिकार म्हणजे दलदलीत, साध्या सदऱ्यावर, डास मारत. लमारला त्यांनी पंचवीस वर्षं हसण्यावारी नेलं होतं. त्याने एकदा बंदुकीत गोळ्याच भरल्या नव्हत्या, ती गोष्ट दर नाताळात जेवणाच्या टेबलावर निघते. म्हणून हा उत्तरेला आला होता. त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिली नाही अशी थंडी, आणि त्यांच्यापैकी कोणी कधी मारला नाही एवढा मोठा नर.

"ते म्हणाले, दोन दिवसांत रडत परत येशील," लमार म्हणाला. "मला एवढंच हवंय, सर. परत गेल्यावर कोणी हसू नये."

सासरा शहाणा दिसतोय, मी मनात म्हटलं. आणि आणखी दोन पेरोग्या वाढून घेतल्या.

सकाळी पाचला वहिनी अंडी तळत होती. दुसरे दोन पाहुणे लॉर्नबरोबर आधीच निघून गेले होते. लमार बाकावर बसून पाय सजवत होता. आधी एक रेशमी मोजा. त्यावर बॅटरीचा. त्यावर लोकरीचा. त्यावर आणखी एक लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. चार! मग त्याने बुटात पाय घालायला सुरुवात केली. पाय कसला जातोय? आधीच मापाचा बूट, त्यात चार मोजे. तो ओढतोय, आपटतोय, उभा राहून नाचतोय, घामाघूम झालाय.

"बाईसाहेब, एखादा मोठा चमचा मिळेल का?"

वहिनीची पाठ आमच्याकडे होती. तिने मागे न बघताच वाढायचा चमचा दिला. तिला वाटलं असेल, लापशीसाठी हवाय. लमारने तो टाचेमागे घातला आणि दात-ओठ खात पाय आत कोंबला. मग दुसरा. नाडी करकचून आवळली. मी भिंतीला टेकून हे सगळं बघत होतो आणि खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या होत होत्या. हे बॅटरीवाले, मापवाले, वासवाले, वर्षानुवर्षं येतात. यांना वाटतं, दुकानातून थंडीही विकत घेता येते आणि उबही. म्हटलं, घे आता. आज अंगाला थोडं शिकू दे.

तो उभा राहिला. दोन पावलं टाकली. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "कसं आहे सर? ठीक आहे ना सगळं?"

विचारलं. त्याने मला विचारलं, हे मी लपवत नाही. वहिनीची अट तिथेच संपली होती. दारामागे ढगळ बूट टांगलेले होते, हात लांब केला असता तर लागले असते.

"झकास," मी म्हटलं. "राजासारखे दिसताय."

तो लाजला. आभार मानले.

त्याला मी तळ्यापलीकडच्या मचाणावर सोडलं. शिडीचं मचाण, झाडाला बांधलेलं, चौफेर उघडं. आमच्याकडे खोपटातही बसता येतं, त्यात छोटी शेगडी असते, पण याला मोठा नर हवा होता आणि मोठा नर तळ्यापलीकडेच फिरत होता. तेवढं काम मी चोख केलं. उणे एकोणतीस. वारा नव्हता. सात वाजून गेले होते, उजाडत होतं.

दहाला वॉकीटॉकी बोलली. "सर, पाय जरा गार पडलेत." आणि हसला.

"हं," मी म्हटलं.

पायवाटेच्या तोंडाशी बर्फगाडी उभी करून मी शेजारी माझ्या गाडीत बसलो होतो, हीटर चालू, मांडीवर पाव आणि सॉसेज. अर्ध्या तासाने तो पुन्हा बोलला, पायाला मुंग्या येतायत. मी म्हटलं, बोटं हलवा. हलणार कशी? चार मोजे आणि चमचा! मी एकटाच गाडीत हसलो. संध्याकाळी लॉर्नला ही गोष्ट कशी सांगायची ते मी मनात जुळवत होतो. वहिनीसमोर नाही, बाहेर लाकडाच्या ढिगापाशी.

साडेबाराला वॉकीटॉकी पुन्हा खरखरली. लमार कुजबुजत होता. "सर, सवय झाली बहुतेक. पाय आता अजिबात दुखत नाहीत."

घास माझ्या तोंडातच राहिला.

"किती वेळ झाला, दुखायचे थांबून?"

"तास झाला असेल. का?"

"खाली उतर. आत्ताच्या आत्ता उतर आणि उड्या मारत राहा, मी येतोय."

"नको, नको! झाडीत नर उभा आहे. मोठा. आज माझ्यावर हसणारे..." आणि त्याने बटण सोडून दिलं.

बर्फगाडी मी आजवर कधी तशी हाकली नव्हती. ओंडक्यावरून उडाली, एकदा कलंडली, तोंडावर फांद्यांचे फटके. वाटेत मी देवाचं नाव घेतलं की शिव्या दिल्या ते आठवत नाही, बहुतेक दोन्ही. मचाण दिसलं तेव्हा लमार वर बसून दोन्ही हातांनी मला थांबायच्या खुणा करत होता. इंजिनाच्या आवाजाने झाडीतून तो नर उसळला. काय जनावर होतं! मी एकतीस वर्षांत तसे चार पाहिलेत. पांढरी शेपटी उभारून तीन उड्यांत नाहीसा झाला.

"अहो, काय केलंत हे!" लमार वरून ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शंभर पावलांवर होता! तो झाडीबाहेर यायची वाट बघत दीड तास मी श्वास रोखून बसलोय!"

"खाली उतर."

"तुम्हाला कल्पना आहे का..."

"खाली उतर म्हणतोय ना, मूर्खा! पाय जातील तुझे!"

बंदूक दोरीने खाली सोडून तो उतरायला लागला. पायऱ्या त्याच्या पायाला लागतच नव्हत्या, बघून बघून एकेक पाऊल ठेवत होता. शेवटच्या चार पायऱ्यांवरून तो सरळ माझ्या खांद्यावर आला. बूट निघेनात. मी सुरीने नाड्या कापल्या, कातडं कापलं, मोजे एकावर एक कापले. बॅटरीचे मोजे केव्हाच थंड पडले होते. आतली बोटं पांढरी होती. मी नखाने टिचकी मारली तर लाकडाचा आवाज आला.

लमारने वाकून पाहिलं. "हे माझेच आहेत ना?" त्याने विचारलं. तो चेष्टा करत होता असं मला वाटलं नाही.

माझे नमद्याचे बूट काढून मी त्याला घातले आणि स्वतः मोज्यांवर बर्फगाडी चालवत तळावर आलो. वहिनीला आधीच कळवलं होतं, ती मोठी गाडी चालू करून तयार होती. इस्पितळ सव्वा तासावर. मी मागच्या सीटवर बसलो, सदरा वर केला आणि लमारचे दोन्ही उघडे पाय पोटाशी घेतले. बर्फाच्या लाद्याच त्या. माझा श्वास अडकला. अर्ध्या वाटेत बोटांत रक्त परतायला लागलं आणि तो माणूस ओरडला. मी जखमी जनावरं ऐकलीत, पण तसं ओरडणं ऐकलं नाही. आणि त्यातही मध्येच थांबून म्हणाला, "माफ करा, बाईसाहेब."

वहिनी आरशातून माझ्याकडे बघत होती. "भाऊजी, हे झालं कसं?"

"बूट तंग होते," मी म्हटलं. "चार मोजे होते आत."

"आणि तुम्ही पाहिलं नाहीत?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. माझ्याआधी लमारच बोलला, दात कटकट वाजत होते तरी.

"सांगितलं होतं त्यांनी. दोनदा सांगितलं. मीच ऐकलं नाही, बाईसाहेब."

मी खाली त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. त्याचे पाय माझ्या पोटावर होते आणि मी एक शब्द बोललो नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, डाव्या पायाची दोन बोटं जाणार, तिसऱ्याचं काही आठवड्यांनी कळेल, लगेच कापत नाहीत. वहिनीने व्हरांड्यात माझ्या दंडावर हात ठेवला. "शिकलात हो, भाऊजी," ती म्हणाली. "त्या माणसाने एवढं सोसूनही तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. नाही तर गेल्या वर्षीचे ते दातांचे डॉक्टर! पुढच्या वर्षी तुम्हीच, आता मनात काही आणू नका." आणि ती त्याच्या बायकोला फोन लावायला निघून गेली.

एकतीस वर्षांत तिने माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मला थुंकावंसं वाटलं, पण व्हरांडा स्वच्छ होता.

मी खोलीत गेलो. लमार उशीला टेकून बसला होता, पायांवर पांढऱ्या पट्ट्या. हातात नर्सकडून मागून घेतलेला कागद आणि पेन्सिल.

"दार लावा," तो म्हणाला. 'सर' नाही म्हणाला. "बसा."

मी बसलो.

"तुम्हाला दिसलं होतं, सकाळी."

"हो."

"आणि मी विचारलं होतं."

"हो."

त्याने पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून बघितलं. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मग वहिनीला खोटं का सांगितलंत?" मी विचारलं. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी?" तो हसला आणि ते हसणं काही गोड नव्हतं. "तुमच्यासाठी मी नाडीसुद्धा बांधणार नाही. आता फोन येईल. आधी बायकोचा, मग सासऱ्यांचा. हट्टीपणा केला, सांगितलेलं ऐकलं नाही, म्हणून ते मला हसतील. हसू देत, त्यांच्यातले सगळे हट्टीच आहेत. पण बावन्नाव्या वर्षी याला पायात मोजे घालायचे कळत नव्हते, हे मी त्यांच्या हातात देणार नाही. ते माझ्या मयतीतही सांगतील." त्याने कागद मांडीवर सारखा केला. "तर मी असं सांगितलंय की तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. आता सांगा, काय सांगितलं होतंत? सासरे खोदून खोदून विचारतात."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"एकच मोजा," मी म्हटलं. "जाड, लोकरीचा. आणि बूट दोन मापं मोठा. आत बोटं हलली पाहिजेत. नाही हलली तर रक्त पोचत नाही, मग बूट कितीही भारी असो. आणि पाय दुखायचा थांबला की तिथे बसायचं नाही. खाली उतरायचं."

तो लिहीत होता, जीभ थोडी बाहेर काढून. "दोन मापं?"

"दोन."

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं, मग वर पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.